रविवारच्या उपासनेचा क्रम नव्याने बसवायचा आहे, कृपा आधी कशी यावी?

तिसरा_बाक (प्रश्न)

सर्वांना सलाम. साधारण ८० माणसांची मराठी मंडळी, त्यात वीसेक मुलं. उपासनेला ९० मिनिटं मिळतात, त्यानंतर त्याच हॉलमध्ये दुसऱ्या भाषेची उपासना असते, म्हणून एक मिनिटही वाढवता येत नाही. सध्याचा क्रम असा: ४० मिनिटं गाणी, मग सूचना, मग दान, ३५ मिनिटं उपदेश, एक प्रार्थना आणि घरी. पापकबुली नाही. शास्त्रपाठ उपदेशापुरता. प्रभुभोजन महिन्यातून एकदा.

क्रम बदलायचा ठरला आणि तीन मतं पुढे आली. तरुण संघ म्हणतो, गाण्यांतच खरी आराधना होते, ती कापू नका. वडीलमंडळी म्हणतात, जुनी छापील उपासना होती तशी परत आणा. तिसरा गट म्हणतो, देव मन बघतो, क्रमाने काय होतंय? गंमत म्हणजे तिघेही योहान ४ चा तोच आधार देतात, 'आत्म्याने व खरेपणाने'.

मला हे हवं आहे: देव कोण आहे आणि कृपा म्हणजे काय, हे नीट समजून उपासना बसवायची तर ९० मिनिटांत काय कुठे ठेवावं, आणि नेहमी चुका कुठे होतात. 'मनापासून करा' हे उत्तर कृपया देऊ नका. ते सगळ्यांना माहीत आहे.

---

इब्री_१३_१५

तिसऱ्या गटाचं आधी बघू, कारण त्यांचं म्हणणं सगळ्यात पटण्यासारखं वाटतं. देव मन बघतो हे खरं. पण मनाला वळण कोण लावतं? एकच क्रम माणूस वर्षाला ५२ वेळा करतो. त्या क्रमात दान आधी आणि क्षमा कुठेच नाही, तर 'आपण दिलं की देव देतो' हे कोणी न शिकवताही लोक शिकतात. व्यासपीठावरून कितीही कृपेचा उपदेश झाला तरी.

आता योहान ४. 'आत्म्याने' म्हणजे भावना दाटून येणं नव्हे, आणि 'खरेपणाने' म्हणजे नुसता प्रामाणिकपणाही नव्हे. त्या अध्यायात शोमरोनी स्त्रीने येशूला प्रश्न जागेचा विचारला होता: हा डोंगर की यरुशलेम. गरिज्जीम डोंगरावरचं शोमरोन्यांचं मंदिर तर त्याआधी साधारण दीडशे वर्षांपूर्वीच पाडलं गेलं होतं, तरी उपासना तिथेच चालू होती. प्रामाणिकपणा त्यांच्यात कमी नव्हता. तरीही २२ व्या वचनात येशू स्पष्ट सांगतो की ज्याला तुम्ही ओळखत नाही त्याची तुम्ही उपासना करता. म्हणजे प्रश्न ओळखीचा आहे. आणि योहानाच्या शुभवर्तमानात ही ओळख पुत्राकडून होते, तर आत्मा तिसऱ्या अध्यायातलाच, नव्याने जन्म देणारा. पिता शोधतो, पुत्र ओळख देतो, आत्मा जिवंत करतो. २३ वं वचन पुन्हा वाचा: अशा उपासकांना पिताच शोधतो. पहिलं पाऊल त्याचं.

पवित्र शास्त्रात उपासनेचा सांगाडा जिथे जिथे दिसतो तिथे हेच आहे. निर्गम २० मध्ये पहिली आज्ञा येण्याआधी दुसरं वचन येतं: मी तुला दास्यगृहातून बाहेर काढलं. सुटका आधी, नियम नंतर. यशया ६ मध्ये आधी सिंहासन दिसतं, मग 'मी अशुद्ध ओठांचा' हे तोंडून निघतं, मग वेदीवरचा निखारा ओठांना लागतो आणि त्यानंतरच 'मला पाठव'. निखाऱ्याआधी यशया स्वतःहून काहीही देऊ करत नाही. अनुवाद २६ मध्ये पहिल्या फळांची टोपली आणणारा माणूस आधी गोष्ट सांगतो: पूर्वज भटका अरामी होता, मिसरात छळ झाला, परमेश्वराने बाहेर काढलं, हा देश दिला. गोष्ट संपल्यावर 'आणि आता' म्हणून टोपली पुढे होते. हंगामाच्या सणाला आपण टोपल्या आणतो, गोष्ट मात्र गाळतो.

यावरून तुमची ९० मिनिटं अशी बसतील.

सुरुवातीला ३ मिनिटं पाचारण, म्हणजे उपासनेला बोलावणं. इथे पुढारी बोलत नाही, वचन बोलतं: स्तोत्र ९५, १०० किंवा १२४:८. 'गुड मॉर्निंग, आवाज कमी येतोय, परत एकदा म्हणा' हे इथे नको, कारण पहिलं वाक्य देवाचं असावं. मग स्तुतीची दोन पदं, १० मिनिटं. ती देव कोण आहे यावर असावीत, आपल्याला काय वाटतं यावर नव्हे. मग पापकबुली, शांतता आणि क्षमेची घोषणा मिळून ६ मिनिटं. त्यानंतर उपकारस्तुतीचं एक पद, ५. शास्त्रपाठ ८ मिनिटं: जुना करार, एक स्तोत्र, नवा करार. उपदेश २५. मतांगीकार, म्हणजे विश्वासाची कबुली सगळ्यांनी एकत्र म्हणणं, २. मध्यस्थीची प्रार्थना आणि तिच्या शेवटी प्रभूची प्रार्थना, ८. दान आणि त्यासोबत पद, ६. सूचना ३. शेवटचं पद ४, आशीर्वचन १. बेरीज ८१ होते. उरलेली नऊ मिनिटं मोकळी ठेवा, ती कुठे जातात ते पहिल्याच रविवारी कळेल. प्रभुभोजनाच्या रविवारी उपदेश १५ मिनिटांवर आणा. मग एकूण १९ मिनिटं सुटतात आणि ८० जणांना ती पुरतात.

सगळ्यात जास्त चूक पापकबुलीपाशी होते, म्हणून थोडं सविस्तर. कबुली घेतात आणि क्षमेची घोषणा विसरतात. मग लोक दर आठवड्याला अपराधाचं ओझं वर काढतात आणि तसंच घेऊन घरी जातात. काही मंडळ्यांत उलट: कबुली नाहीच, थेट 'देव तुझ्यावर प्रेम करतो'. तेव्हा क्षमा कशाची, हेच कळत नाही. दोन्ही जोडीने हवं. कबुलीचा मजकूर सगळ्यांना एकत्र म्हणता येईल असा, आठ-दहा ओळींचा, छापलेला किंवा पडद्यावर. केलेलं पाप आणि न केलेलं कर्तव्य, दोन्ही त्यात यावं. नंतर पूर्ण शांतता, किमान ४५ सेकंद. हार्मोनियमवाल्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर शांतता झाली की त्यांना वाटतं कोणीतरी चुकलंय आणि ते सूर धरतात. मग १ योहान १:९, रोमकरांस ८:१, स्तोत्र १०३:१०-१२ यांपैकी एक, मोठ्याने, लोकांकडे बघून. पाळकसाहेब असतील तर 'तुमच्या पापांची', सामान्य पुढारी असेल तर 'आपल्या पापांची'. हा प्रार्थनेचा भाग नाही, ही बातमी आहे. डोळे मिटून पुटपुटू नका.

दहा आज्ञा म्हणायच्या असतील तर कुठे, हाही प्रश्न येईल. इंग्लंडच्या मंडळीच्या १५५२ च्या प्रार्थनापुस्तकात त्या प्रभुभोजनाच्या उपासनेच्या सुरुवातीलाच आहेत. प्रत्येक आज्ञेनंतर लोक दया मागतात आणि पुढे कबुली येते. तिथे आज्ञा म्हणजे आरसा. धर्मसुधारक कॅल्विनने स्ट्रासबर्गमध्ये (१५३८ ते १५४१) त्या क्षमेच्या घोषणेनंतर घेतल्या आणि गाऊन घेतल्या. तिथे त्या क्षमा मिळालेल्यांची वाट होतात. दोन्ही चालतं. माझा कल स्ट्रासबर्गकडे, कारण निर्गम २० चा क्रम तोच आहे.

---

शब्दांचा_हमाल

क्रमाचं वर छान आलंय. पण क्रम बरोबर आणि भाषा चुकीची असेल तर गाडी पुन्हा जुन्याच चाकोरीत जाते. मराठीत हा धोका जास्त, कारण आपले शब्द आधीच भरलेले आहेत.

'कृपा' बघा. फ्लॅट झाला, मुलीला परदेशात नोकरी लागली: 'देवाची कृपा!' म्हणजे कृपा बरोबर भरभराट. मग ज्याचा फ्लॅट झाला नाही त्याच्यावर काय? त्यात आणखी 'देव पावला', 'नवसाला पावणारा', 'कडक देव', 'आम्ही देवाचं सगळं करतो' हे शब्दप्रयोग रक्तात आहेत. करणाऱ्याला पावणं हा व्यवहार झाला. रोमकरांस ५ मध्ये कृपेचा पत्ता वेगळा आहे: आपण दुर्बळ असताना, पापी असताना आणि १० व्या वचनात तर शत्रू असताना. शत्रूवर केलेला उपकार म्हणजे कृपा. उत्पत्ती ६ मध्येही नोहावर कृपादृष्टी झाल्याचं ८ वं वचन आधी येतं, तो नीतिमान असल्याचं ९ वं वचन नंतर. हा वचनांचा क्रम संडे स्कूलच्या मुलांनाही दाखवता येतो.

म्हणून उपासना चालवणाऱ्याने काही वाक्यं बोलण्यातून काढून टाकावीत. 'आपण इतक्या लवकर उठून आलो, प्रभू नक्की आशीर्वाद देईल.' 'जोरात स्तुती करा म्हणजे त्याची उपस्थिती उतरेल.' 'आज ज्यांनी उपास केलाय त्यांची प्रार्थना आधी.' तिन्हीत आपण खेचणारे आणि देव खेचला जाणारा.

नवसाबद्दल कोणी विचारायच्या आत: पवित्र शास्त्रात नवस आहेत. हन्नाचा आहे, स्तोत्र ६६ आणि ११६ मध्ये फेडण्याची भाषा आहे, आणि अनुवाद २३ म्हणतो नवस केला नाही तर पाप नाही, केला तर फेड. इफ्ताहाच्या नवसाचं काय झालं तेही शास्ते ११ मध्ये आहे. मंडळीत कोणी 'नवसाचं दान' आणलं तर परत पाठवू नका, पण व्यासपीठावरून ते उपकारस्तुतीचं दान म्हणूनच मांडा. शब्द बदलला की पुढच्या वेळी आणणारा वेगळ्या मनाने आणतो.

आता त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव. उत्स्फूर्त प्रार्थनेत ही चूक सर्रास होते: 'हे स्वर्गीय पित्या' अशी सुरुवात, मध्ये 'तू आमच्यासाठी वधस्तंभावर रक्त सांडलंस', शेवट 'तुझ्याच नावाने मागतो'. पिता वधस्तंभावर मेला नाही. हे किस काढणं नाही. पिता, पुत्र, पवित्र आत्मा ही एकाच देवाची तीन सोंगं समजली की 'पित्याने पुत्राला दिलं' या वाक्याला अर्थच उरत नाही, आणि कृपा तिथेच तर आहे. साधा साचा इफिसकरांस २:१८ मध्ये आहे: पुत्राच्या द्वारे, एका आत्म्याने, पित्याकडे. प्रार्थना पित्याला सुरू केली तर पित्याशीच बोला, 'तू आपल्या पुत्राला दिलंस' असं. पुत्राला थेट हाक मारणं चूक नाही. स्तेफनाने मारली, आणि 'मारानाथा' ('आमच्या प्रभू, ये') ही तर मंडळीच्या सर्वांत जुन्या प्रार्थनांपैकी एक. फक्त मध्येच गाडी बदलू नका.

संडे स्कूलमध्ये पाणी-बर्फ-वाफ सांगणं थांबवा. तेच पाणी एका वेळी एकाच रूपात असतं, म्हणजे पुन्हा तीन सोंगं. 'एकच माणूस कुणाचा बाप, कुणाचा नवरा, कुणाचा मुलगा' हेही तेच. त्याऐवजी यार्देन नदीतल्या येशूच्या बाप्तिस्म्याचा प्रसंग सांगा, मत्तय ३:१६-१७: पुत्र पाण्यात, आत्मा उतरतोय, पित्याची वाणी. एकाच वेळी तिघे, आणि देव एक. उपमा लागतच नाही.

'अवतार' की 'देहधारण'? देहधारण म्हणा. अवतार पुष्कळ होतात आणि कार्य संपलं की संपतात. पुत्राने घेतलेला देह पुनरुत्थानानंतरही त्याचाच आहे.

---

काळी_चार

गाण्यांवर मी लिहितो. तरुण संघाला वाईट वाटू नये म्हणून सांगतो, वरच्या क्रमात गाण्याची वेळ ४० वरून २५ वर आली, पण गाण्याला कामं चार मिळाली: स्तुती, उपकार, दान आणि पाठवणी. सलग ४० मिनिटांत सगळी गाणी एकच काम करतात, मूड तयार करण्याचं.

आधी एक काम करा. गेल्या तीन महिन्यांत गायलेल्या सगळ्या गाण्यांची यादी एका वहीत उतरवा. प्रत्येकापुढे खुणा: पित्याचं नाव आहे का, पुत्राचं, आत्म्याचं, वधस्तंभ आहे का, पुनरुत्थान आहे का, पाप हा शब्द तरी आहे का, रडणं आहे का. शेवटचे दोन रकाने जवळजवळ कोरे निघतात. स्तोत्रसंहितेत १५० पैकी एक तृतीयांशाहून जास्त स्तोत्रं विलापाची आहेत. ८८ वं तर अंधारातच संपतं, वर उजेडाची एक ओळही नाही. आणि आपण दुखवट्याच्या घरून थेट चर्चला आलेल्या बाईला पहिल्याच मिनिटाला टाळ्या वाजवायला लावतो. ज्याला कृपा कळली आहे तो देवापुढे तक्रारही करू शकतो, हे गाण्यांतून कळायला हवं. स्तोत्र १३ सहाच वचनांचं आहे, चाल लावायला सोपं.

दुसरी कसोटी लोक सांगतात की 'मी' किती वेळा येतो ते मोजा. ती अर्धीच धरा. स्तोत्र २३ 'मी'ने भरलेलं आहे, पण त्यातली जवळजवळ प्रत्येक क्रिया मेंढपाळाची आहे: निजवतो, नेतो, ताजंतवानं करतो, ताट वाढतो. म्हणून सर्वनाम मोजू नका, क्रियापदाचा कर्ता बघा. 'मी नाचेन, मी उंचावेन, मी देईन, मी धावेन' असं सलग असेल तर गाणं आपल्या पराक्रमाचं आहे.

भजन, अभंग, ओवी 'आपलं नाही' असं म्हणणारे असतील तर थॉमस स्टीफन्सने गोव्यात ओवीत रचलेलं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं आणि नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या बाप्तिस्म्यानंतर अभंग आणि पदांतूनच मंडळीला गायला लावलं, एवढं पुरे. भजनात सिद्धान्त लोकांच्या जिभेवर बसतो, कारण ध्रुपद परत परत येतं. मात्र चुकीचं ध्रुपदही तसंच बसतं.

तांत्रिक बाजू. पट्टी (हार्मोनियमवरचा मूळ सूर) गायकाच्या सोयीने नको, मागच्या बाकाच्या सोयीने. पदातला सगळ्यात वरचा सूर तार सप्तकातल्या पांढरी दोनच्या वर गेला की बायका थांबतात आणि पुरुष खालच्या सप्तकात नुसते गुणगुणतात. काळी चारमध्ये कोरसचा आवाज छान लागतो म्हणून तीच पट्टी ठेवली, ही नेहमीची चूक. (हो, माझं नाव हेच आहे, पण मी मंडळीसाठी ती सुचवत नाही.) भजनी ठेका किंवा केरवा विलंबित सुरू करून शेवटी चढवायची सवय असते. उपकारस्तुतीच्या पदाला चालेल, पापकबुलीच्या आधीच्या पदाला नाही, कारण दुगुनीत (दुप्पट लयीत) गेलेली मंडळी ४५ सेकंदांत शांत होत नाही. मुख्य गायकाचा माईक इतकाच ठेवा की लोकांना स्वतःचा आवाज ऐकू येईल. शेवटचं कडवं वाद्यांशिवाय घेऊन बघा. लोक गात होते की ऐकत होते, ते तिथे कळतं.

---

उघडं_दार

मला हे सगळं जरा जास्तच आखलेलं वाटतंय. मिनिटं, रकाने, पट्टी. १ करिंथकर १४:२६ मध्ये प्रत्येकाजवळ स्तोत्र आहे, शिक्षण आहे, प्रकटीकरण आहे. आत्म्याला जागा कुठे?

---

इब्री_१३_१५

त्याच अध्यायात २७ ते ३३ वचनांत पौल संख्या ठरवतो: दोघं, फार तर तिघं, आणि आळीपाळीने. दुसऱ्याला बोलायचं असेल तर पहिल्याने थांबावं. ४० वं वचन, सगळं शिस्तीत आणि व्यवस्थित व्हावं हे, तर सर्वांना पाठ असतं. तुमचा मुद्दा मला तरीही मान्य आहे, म्हणूनच नऊ मिनिटं मोकळी ठेवली. मध्यस्थीच्या वेळी लोकांना एकेका वाक्यात विनंती करू द्या. 'एकेका वाक्यात' हे आधी सांगा, नाहीतर 'प्रभू, तुला ठाऊकच आहे की काल कमिटीच्या मीटिंगमध्ये...' असं सुरू होऊन प्रभूला इतिवृत्त वाचून दाखवलं जातं.

---

तिसरा_बाक

खूप उपयोगी. दोन गोष्टी राहिल्या. एक, प्रभुभोजनाच्या रविवारी वीस-पंचवीस माणसं मधूनच उठून जातात किंवा बसून राहतात, 'आज मी योग्य नाही' म्हणून. दोन, दान. सध्या देणाऱ्यांची नावं आणि रकमा वाचून दाखवतात. बंद केलं तर दान घटेल अशी भीती आहे.

---

भाकर_आणि_पेला

पहिल्याचं मूळ १ करिंथकर ११:२७ च्या वाचनात आहे. तिथे 'अयोग्य प्रकारे' असं आहे. ते खाण्याच्या रीतीबद्दल आहे, खाणाऱ्याच्या लायकीबद्दल नाही. आणि ती रीत कोणती, हे २१ व्या वचनात आलेलं आहे: ज्यांच्याकडे होतं ते आधीच जेवून घेत, गरीब उपाशी राहत. २९ व्या वचनातलं 'शरीराचे मर्म' न ओळखणं म्हणजे शेजारी बसलेला त्याच शरीराचा अवयव आहे हे न ओळखणंही. २८ वं वचन अर्धंच वाचलं जातं. 'स्वतःची परीक्षा करावी' इथे थांबतात. वाक्य पुढे जातं: आणि मग खावं. परीक्षेचा शेवट मेजापाशी आहे, दाराबाहेर नाही. योग्य असणाऱ्यांसाठी हे मेज असतं तर पहिल्या रात्रीच शिष्यांपैकी कोणीच बसला नसता. पेत्र त्याच रात्री नाकारणार होता.

म्हणून आमंत्रणाचे शब्द बदला. 'ज्यांनी पाप केलं नाही त्यांनी यावं' असं कुणी थेट म्हणत नाही, पण सूर तोच असतो. सांगायचं हे: ज्यांना आपल्या पापाचं वाईट वाटतं, जे ख्रिस्तावर विसंबतात, त्यांनी यावं. थांबवायचं कोणाला? जो पाप सोडणारच नाही असं ठरवून बसलाय त्याला, आणि ज्याचं भावाशी उघड वैर आहे आणि जो समेटाला तयार नाही त्याला. तेही मेजावर नाही, आठवडा आधी घरी जाऊन. यासाठी प्रभुभोजनाची सूचना आदल्या रविवारी द्या आणि मत्तय ५:२३-२४ वाचा. एक आठवडा समेटाला मिळतो.

एक गोष्ट इथे मराठी मंडळ्यांत बोललीच पाहिजे. कोण कोणाच्या हातचं घेतो, कोणत्या वस्तीतली माणसं शेवटच्या रांगेत, हे जुन्या जातीच्या आठवणीवरून ठरत असेल तर तिथे कृपेचा सिद्धान्तच मोडला. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठला तेव्हा पौलाने त्याला 'शिष्टाचार पाळ' असं सांगितलं नाही. गलतीकरांस २:१४ मध्ये त्याचा आक्षेप असा की हे सुवार्तेच्या सत्याला धरून नाही. पंगत हा त्याच्या दृष्टीने सिद्धान्ताचा प्रश्न होता. रांगा बाकांप्रमाणे लावा, वाटणारे दर महिन्याला बदला आणि सगळ्यांनी एकाच वेळी खावं अशी पद्धत ठेवा.

प्रमाण: छोट्या पेल्यांत प्रत्येकी १२ मिली धरली तर ८० जणांना एक लिटरच्या आत रस लागतो. पेले काठोकाठ भरू नका, ताट हलतं आणि पांढऱ्या कापडावर डाग जात नाहीत. उरलेली भाकर आणि रस यांचं काय करायचं ते आधी ठरवून ठेवा. मुलांनी मागे जाऊन फस्त करणं बरं दिसत नाही.

---

पावती_पुस्तक

दानाचं थोडक्यात. नावं आणि रकमा वाचणं बंद करा, मत्तय ६:१-४ पुरेसं स्पष्ट आहे. घट होऊ नये म्हणून पारदर्शकता दुसऱ्या बाजूने वाढवा: प्रत्येकाला पावती, मोजायला दर रविवारी दोघं (एकाच घरातली नकोत), आणि दर तीन महिन्यांनी जमा-खर्चाचा कागद सूचनाफलकावर. एकूण आकडा सगळ्यांना, नाव कोणालाच नाही.

जागा उपदेशानंतरची ठेवा, वर सांगितलीच आहे. आधी २ करिंथकर ८:९ वाचा: तो धनवान असून आपल्यासाठी दरिद्री झाला. पौल मागणी करतो ती या वचनाच्या आधारे. आणि एक वाक्य न चुकता: 'जे पाहुणे आहेत त्यांनी थैली पुढे द्यावी, आज तुम्ही घ्यायला आला आहात.'

मलाखी ३:१० ('सगळा दशांश भांडारात आणा') दर महिन्याला दानाच्या वेळी वाचायची सवय मोडा. दशांश उपासनेची सेवा करणाऱ्या लेव्यांच्या निर्वाहासाठी होता (गणना १८) आणि तिसऱ्या वर्षाचा परदेशी, अनाथ, विधवा यांच्यासाठीही (अनुवाद १४:२८-२९). भांडार रिकामं म्हणजे ही माणसं उपाशी. 'दहा द्या, शंभर घ्या' ही योजना त्यात नाही. मंडळीत गरजूंचा निधी असेल तर त्याच थैलीतला ठरावीक हिस्सा तिकडे जातो हे लोकांना सांगा. आमोस ५:२१-२४ त्या दिवशीचा जुन्या कराराचा पाठ ठेवला तर आणखी बरं.

---

उघडं_दार

आशीर्वचनाबद्दल कोणी लिहिलं नाही. गणना ६:२४-२६ म्हणताना लोक डोळे मिटून, मान खाली घालून उभे असतात, जणू आणखी एक प्रार्थना. ते देवाचं बोलणं आहे, घ्यायचं असतं. मान वर, हात उघडे. आणि ते संपल्यावर कृपया 'एक सूचना राहिली' नको. शेवटचा शब्द देवाचाच राहू द्या. या बाबतीत मी तुमच्या बाजूचा.

---

तिसरा_बाक

हे कागदावर उतरवून पुढच्या बैठकीत ठेवतो. तरुण संघाला यादीचं काम देतो, रकान्यांसह. एक शेवटचं विचारतो, बाटलीबंद रस महाग पडतो. मनुकांचा घरी कसा करतात?

---

भाकर_आणि_पेला

काळ्या मनुका अर्धा किलो, नीट धुऊन दीड लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी हातानेच कुस्करा. मिक्सर नको, बिया वाटल्या गेल्या की रस कडवट होतो. मंद आचेवर १५ ते २० मिनिटं उकळा, गार झाल्यावर सुती कापडातून दोनदा गाळा. साधारण लिटरभर निघतो. साखर घालू नका. शनिवारी केला तर लगेच फ्रिजमध्ये ठेवा. उन्हाळ्यात रात्रभर बाहेर राहिला तर आंबतो, आणि बाटलीचं झाकण घट्ट असेल तर रविवारी सकाळी उघडताना सांभाळून.